सोलापुरात गॅसवाहिनीचं जाळं वाढवताना: टोकाच्या दाबापासून गॅस सोडेपर्यंत

शहरातल्या गॅसवाहिनीची क्षमता वाढवायची ठरली की बैठकीत पहिला प्रश्न येतो, "किती मिलिमीटरचा पाइप टाकायचा?" हा प्रश्न बराच पुढचा आहे. आधी विचारायचं ते असं: जाळ्याच्या शेवटच्या टोकाला, सर्वांत जास्त वापराच्या तासाला, दाब किती उरतो? या एका आकड्यावरून पुढचे बहुतेक निर्णय ठरतात. तो न मोजता पाइप मागवला, तर कोट्यवधी रुपयांचा रस्ता उकरूनही सकाळी सातला शेगडीची ज्योत मंदच राहू शकते, कारण खोट पाइपात नसतेच, रेग्युलेटरच्या गाळणीत असते.

हा लेख वितरण कंपनीतले अभियंते, खोदाई आणि जोडणीचे कंत्राटदार, महापालिकेतले रस्ते विभागाचे लोक आणि अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीत बॉयलर गॅसवर न्यायचा विचार करणारे कारखानदार यांच्यासाठी आहे. आधार देशभर लागू असलेल्या पीएनजीआरबीच्या (पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाच्या) नियमांचा आणि सोलापूरच्या मातीचा, हवेचा, रस्त्यांचा.

आधी जाळं ओळखा

शहरी जाळ्यात दाबाचे टप्पे असतात. मुख्य स्टेशनपासून निघणारी लोखंडी लाइन साधारण १९ बार किंवा त्याहून जास्त दाबावर चालते (१ बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका दाब). जिल्हा नियंत्रण केंद्रात, म्हणजे डीआरएसमध्ये, तो दाब ४ बारवर येतो आणि तिथून एमडीपीई, म्हणजे मध्यम घनतेच्या पॉलिथिलीन प्लास्टिकच्या, पाइपांचं जाळं वस्त्यांत शिरतं. सोसायटीच्या दारातला सर्व्हिस रेग्युलेटर ४ बारचे सुमारे १०० मिलीबार करतो, आणि मीटरजवळचा छोटा रेग्युलेटर शेगडीसाठी २१ मिलीबार देतो. क्षमता कमी पडते ती बहुधा ४ बारच्या टप्प्यात, कारण नवी घरं, हॉटेलं आणि छोटे कारखाने याच टप्प्याला जोडत जातात.

नकाशा समोर घ्या आणि प्रत्येक तुकड्यावर पाच गोष्टी लिहा: पाइपाचा बाहेरचा व्यास, एसडीआर, पीई ८० की पीई १०० (पॉलिथिलीनच्या ताकदीच्या प्रती), टाकल्याचं वर्ष, खोली. एसडीआर म्हणजे बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी. दोन पाइप बाहेरून सारखे दिसले तरी आतला व्यास वेगळा असतो आणि गॅस आतल्या व्यासातून वाहतो. १२५ मिमी, एसडीआर ११ चा पाइप आतून जेमतेम १०२ मिमी असतो. हिशोबात १२५ धरला की सगळी आकडेमोड गोड दिसते आणि प्रत्यक्षात पाइप तोकडा पडतो.

लाइनचा एकेक तुकडा वेगळा बंद करणारे सेक्शन व्हॉल्व्ह कुठे आहेत आणि बंद केल्यावर कुणाचा गॅस जातो, हे कागदावर न बघता जागेवर जाऊन बघा. डांबराचे थर चढत गेलेल्या रस्त्यांवर व्हॉल्व्हची झाकणं गाडली जातात. काही व्हॉल्व्ह जुन्या दुरुस्तीनंतर अर्धे उघडे राहिलेले सापडतात, आणि "लाइनची क्षमता संपली" ही तक्रार तो व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर तिथेच मिटते.

मोजणी

टोकाच्या तीन-चार जागी नोंद ठेवणारे दाबमापक बसवा. दर पाच मिनिटांनी नोंद हवी. तासाची सरासरी घेतली तर सकाळचा खड्डा दिसतच नाही. सोलापुरात निदान दोन मोजण्या घ्याव्यात: एक डिसेंबर-जानेवारीत, गॅस गिझर चालतात तेव्हा, आणि एक उन्हाळ्यात, पायाभूत वापर कळावा म्हणून. दोन्ही वेळी सलग आठवडाभर, रविवार धरून.

त्याच आठवड्यात डीआरएसच्या मीटरवरचा तासातासाचा प्रवाह घ्या आणि दोन्ही आलेख एकाखाली एक ठेवा. प्रवाह वाढला तसा टोकाचा दाब घटला, तर लाइन अपुरी. डीआरएसच्या बाहेर पडणारा दाबच ४ बारवरून खाली घसरत असेल, तर दोष डीआरएसमध्ये. गाळणी तुंबली असेल, रेग्युलेटरचा आकार लहान असेल, किंवा आत येणारा दाबच कमी असेल. आणि दाब फक्त एकाच सोसायटीत पडत असेल, तर चूक त्यांच्या सर्व्हिस रेग्युलेटरमध्ये किंवा रायझरमध्ये, म्हणजे इमारतीवर चढणाऱ्या उभ्या पाइपात, शोधा. रस्ता खोदायची गरज नाही.

गाळणीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक रोज लिहून ठेवणं हे या कामातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे. नव्या लाइनी जोडल्यावर पाइप कापतानाचा कीस आणि धूळ त्याच गाळणीत येऊन बसते.

मागणीचा हिशोब

घरगुती वापर दिवसाला सुमारे अर्धा घनमीटर धरतात. १४.२ किलोच्या सिलिंडरची उष्णता साधारण १८ घनमीटर गॅसइतकी, म्हणजे सिलिंडर महिना-सव्वा महिना पुरवणाऱ्या घराला हा आकडा लागू पडतो. पण जाळं दिवसाच्या वापरावर बेतत नाहीत, कमाल तासावर बेततात. दिवसाच्या वापराचा १० ते १५ टक्के भाग सकाळच्या एका तासात जातो असं धरून सुरुवात करा आणि स्वतःच्या मोजणीवरून तो आकडा दुरुस्त करा. कडक भाकरी आणि शेंगा चटणी करणारे घरगुती उद्योग ज्या वस्तीत जास्त, तिथे दुपारचा वापरही मोठा निघतो.

खरा भार कारखान्यांचा. टॉवेल आणि चादरींच्या मागांना वीज लागते, गॅस नाही. गॅस लागतो तो सूत रंगवणाऱ्या आणि माल धुणाऱ्या-सुकवणाऱ्या प्रोसेस हाउसना, वाफेसाठी. ताशी १ टन वाफेला साधारण ७० ते ७५ घनमीटर गॅस लागतो. ३ टनांचा एकच बॉयलर पूर्ण भारावर १६ तास चालला तर दिवसाला सुमारे ३,४०० घनमीटर जातात, म्हणजे जवळजवळ ७,००० घरांच्या स्वयंपाकाइतका गॅस. त्यामुळे एमआयडीसीतल्या एका अर्जावर सही करण्याआधी अख्ख्या शाखेचा हिशोब पुन्हा मांडावा लागतो.

उदाहरण घेऊ. डीआरएसपासून एमआयडीसीकडे जाणारी १२५ मिमीची ३ किमी लाइन आहे आणि आजचा कमाल तास १,००० घनमीटरचा. नव्याने दोन प्रोसेस हाउस येणार, प्रत्येकी ३ टनांचा बॉयलर: ४३०. चार हजार नवी घरं, दिवसाला २,००० घनमीटर, त्याचे १२ टक्के: २४०. हॉटेलं, वसतिगृहं, रुग्णालयांची स्वयंपाकघरं: ८०. एकूण १,७५०. त्यावर पुढच्या काही वर्षांची १५ टक्के वाढ धरली की आपण ताशी २,००० घनमीटरवर येतो. कारखानदाराकडून बॉयलरचा निव्वळ आकार विचारू नका. तो दिवसात किती तास पूर्ण भारावर चालतो आणि सकाळी सहा ते नऊमध्ये थांबवता येतो का, हे लेखी घ्या. दोन इंधनांवर चालणारा बर्नर असेल, तर थंडीतल्या मोजक्या सकाळी तो दुसऱ्या इंधनावर न्यायचा करार करता येतो आणि पाइपाचा खर्च पुढे ढकलता येतो.

दाबाचा हिशोब, आणि तो फसवतो कुठे

मध्यम दाबाच्या लाइनसाठी रनुआरचं सूत्र सोयीचं आहे. दोन्ही टोकांच्या निरपेक्ष दाबांचे वर्ग काढा. त्यांतला फरक येतो तो असा: ४८.६ गुणिले गॅसची सापेक्ष घनता (सुमारे ०.६) गुणिले लांबी मीटरमध्ये गुणिले ताशी प्रवाहाचा १.८२ वा घात, भागिले आतल्या व्यासाचा (मिमी) ४.८२ वा घात. निरपेक्ष दाब म्हणजे मापकावरचा दाब अधिक हवेचा दाब. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटर उंचीवर असल्याने हवेचा दाब १.०१ ऐवजी ०.९६ बार धरा.

वरच्या लाइनला हे लावलं, सगळा गॅस शेवटी काढला जातो असं मानलं, तर ४ बारवर सुरू होणाऱ्या लाइनच्या टोकाला उरतो तो दाब असा:

ताशी १,००० घनमीटर: ३.४ बार
ताशी १,५०० घनमीटर: २.७ बार
ताशी २,००० घनमीटर: १.५ बार
ताशी २,३०० घनमीटर: जवळजवळ शून्य

सगळी फसगत इथे होते. पहिल्या हजाराला अर्धा-पाऊण बारच गेला, म्हणून पुढच्या हजारालाही तेवढाच जाईल असं मन सांगतं. प्रत्यक्षात शेवटच्या तीनशे घनमीटरला उरलेला सगळा दाब संपतो. वर्षभर ठीक चाललेली लाइन एका थंड सकाळी अचानक बसते ती यामुळेच. टोकाला २ बारपेक्षा कमी दाब उरेल असं नियोजन करू नये. त्याखाली मागणीतल्या छोट्या चढउतारानेही सर्व्हिस रेग्युलेटरला पुरेसा दाब मिळेनासा होतो.

वेगही तपासा. नियमांनी घातलेली मर्यादा सेकंदाला ३० मीटरची आहे. २,००० घनमीटरला आपल्या लाइनच्या टोकाला वेग २७ मीटरच्या पुढे जातो, कारण दाब घटला की तोच गॅस जास्त जागा व्यापतो. मागणी लाइनभर सारखी विखुरलेली असेल तर दाबाच्या वर्गातली घट वरच्या हिशोबाच्या सुमारे एक-तृतीयांश येते. म्हणून घरगुती वस्तीच्या लाइनला शेवटचा-भार हिशोब लावून उगाच मोठा पाइप टाकू नका, आणि एमआयडीसीच्या लाइनला विखुरलेला हिशोब लावून स्वतःला फसवूही नका. शाखांचं जाळं असेल तर हे काम सॉफ्टवेअरवर करा, पण मॉडेलमधला दाब आजच्या मोजलेल्या दाबाशी जुळल्याशिवाय त्यातून पुढची एकही रेघ ओढू नका.

तीन वाटा

पहिली वाट: त्याच मार्गावर मोठा पाइप. ३ किमी १८० मिमी एसडीआर ११ टाकला आणि जुनी १२५ ची लाइन घरांच्या जोडण्यांपुरती ठेवली, तर २,००० घनमीटरलाही टोकाला ३.६ बारच्या वर दाब राहतो. उत्तम, पण ३ किमी रस्ता उकरावा लागतो.

दुसरी वाट: समांतर दुसरी १२५ ची लाइन. दोघींत भार वाटला जाऊन टोकाला ३.४ बार. खोदाई तेवढीच, फायदा कमी. जुनी लाइन बंद ठेवायची सोय मिळते, एवढंच.

तिसरी वाट बहुतेकदा नजरेतून सुटते. आपल्या लाइनचं टोक आणि दुसऱ्या डीआरएसच्या लाइनचं टोक एकमेकांपासून किती लांब आहेत ते बघा. ६०० मीटरच्या तुकड्याने ती टोकं जुळत असतील तर रिंग तयार होते, भार दोन्ही बाजूंनी येतो आणि जोडणीच्या जागी पुन्हा ३.४ बार मिळतो, पाचपट कमी खोदाईत. शिवाय एक डीआरएस बंद पडलं तरी सगळ्या ग्राहकांचा गॅस जात नाही. मात्र तेव्हा २,००० चा पूर्ण भार एकाच बाजूने येतो आणि टोकाला १.५ बारच उरतो, म्हणून त्या प्रसंगी बॉयलर थांबवायचे आणि घरं चालू ठेवायची, हे करारातच लिहून ठेवा. दुसऱ्या डीआरएसकडे ताशी १,००० घनमीटरची खरी शिल्लक क्षमता आहे का हेही मोजूनच ठरवा. आम्ही नेहमी रिंग आधी तपासायला सांगतो, मोठा पाइप नंतर.

चौथी वाट कुणीतरी सुचवतंच: "दाब ४ वरून ५ करू या." जाळं ज्या कमाल दाबासाठी तपासून मंजूर झालं आहे त्याच्या वर जाणं म्हणजे नुसता स्क्रू फिरवणं नव्हे. प्रत्येक पाइपाचा एसडीआर, प्रत्येक फिटिंगचं रेटिंग, जुन्या चाचणीची कागदपत्रं, प्रत्येक सर्व्हिस रेग्युलेटरची आत घ्यायच्या दाबाची मर्यादा, आणि मग टप्प्याटप्प्याने वाढ, प्रत्येक टप्प्यावर गळती तपासणी, इतकं सगळं लागतं. कागद अपुरे असतील तर हा विषय तिथेच सोडून द्या.

डीआरएस आणि त्यामागचा पुरवठा

डीआरएसच्या पाटीवरची क्षमता कुठल्या आत येणाऱ्या दाबाला आहे ते विचारा. १९ बारला मिळणारी क्षमता, लोखंडी लाइनचा दाब उतरल्यावर मिळत नाही. निवड नेहमी किमान दाबावर करा. दोन समांतर रांगा हव्यात आणि एकटी रांग पूर्ण भार पेलणारी हवी. प्रत्येक रांगेत गाळणी, स्लॅम-शट (दाब फार वाढला की गॅस एकदम तोडणारा व्हॉल्व्ह), मॉनिटर रेग्युलेटर (ॲक्टिव्ह बिघडला तर दाब सांभाळणारा) आणि ॲक्टिव्ह रेग्युलेटर (रोजचं काम करणारा). सेटिंगचा क्रम चढता ठेवतात: सर्वांत खाली ॲक्टिव्ह, त्यावर मॉनिटर, आणि स्लॅम-शट या दोन्हींच्या वर. ही अंतरं फार जवळ ठेवली की मोठा बॉयलर अचानक बंद झाल्यावर उसळणाऱ्या दाबाने स्लॅम-शट नाहक पडतो. तो हातानेच पुन्हा उघडावा लागतो, आणि तोवर हजारो शेगड्या विझलेल्या असतात.

गॅस टँकरने एलएनजी (थंड करून द्रवरूप केलेला गॅस) आणून पुरवला जात असेल तर साठ्याचा हिशोब वेगळा करा. १७-१८ टनांच्या टँकरमधून साधारण २३ ते २४ हजार घनमीटर गॅस मिळतो. दिवसाची मागणी १०,००० घनमीटर असेल तर एक टँकर दोन दिवसांच्या थोडा पुढे जातो. पुणे किंवा हैदराबाद महामार्ग एक दिवस बंद पडला तरी साठा पुरला पाहिजे. एलएनजी तापवून वायू करणारे व्हेपोरायझर मात्र कमाल तासावर बेता. हवेच्या उष्णतेवर चालणाऱ्यांवर बर्फ साचतो, त्यांची क्षमता तासागणिक घटते, त्यामुळे एक संच वितळत असताना दुसरा चालवता यावा इतके संच हवेत.

मार्ग, माती, परवानग्या

सोलापूरच्या जमिनीत वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा बेसाल्ट. कुठे दोन फुटांवर खडक लागतो, कुठे दोन मीटरपर्यंत माती. निविदेआधी मार्गावर दर १०० मीटरला चाचणी खड्डा घ्या. हाताने घ्या, जेसीबीने नको. त्या खड्ड्यातून दोन गोष्टी कळतात: खडक किती खोल आहे आणि खाली आधीच कोण आहे. पाण्याच्या लाइनी, ड्रेनेज, वीज आणि दूरसंचार केबल यांची नकाशावरची जागा आणि खरी जागा जुन्या पेठांमध्ये क्वचितच जुळते. खोदणाऱ्याने आणि लाइनच्या मालकाने एकमेकांना कळवावं यासाठी मार्च २०२३ पासून 'कॉल बिफोर यू डिग' हे सरकारी ॲप आहे. त्यावर नोंद करा, पण खड्डा टाळू नका.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाइपाभोवती हीच माती परत भरली तर पाइप दरवर्षी थोडा हलतो, आणि ताण येतो तो घरात जाणाऱ्या जोडणीवर, पीईपासून लोखंडी रायझरवर जाणाऱ्या सांध्यावर. म्हणून पाइपाखाली १५० मिमी आणि वर १५० मिमी वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम, त्यावर थराथराने ठोकलेली भर. पाइपाच्या माथ्यावर किमान १ मीटर आच्छादन आणि पाइपाच्या ३०० मिमी वर पिवळी इशारा पट्टी. महामार्ग आणि रेल्वेखालची खोली त्या-त्या खात्याच्या परवानगीतल्या अटीप्रमाणे. लोखंडी लाइन असेल तर ओलसर काळ्या मातीत गंज लवकर धरतो. तिथे थ्री-लेअर पॉलिथिलीन आवरण, पुरण्याआधी हॉलिडे चाचणी (आवरणातली बारीक छिद्रं विजेने शोधणं) आणि कॅथोडिक संरक्षण (गंज रोखणारा विजेचा दाब) तांबे-मोरचूद इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक ऋण ठेवावं लागतं.

पाण्याच्या लाइनपासून किमान ३०० मिमी अंतर सोडा, जमेल तिथे जास्त. सोलापुरात पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं. रिकाम्या लाइनीत एकदम दाब चढला की जुने सांधे फुटतात. फुटलेल्या लाइनचा झोत वाळूसकट गॅस पाइपावर सतत आदळत राहिला तर तो प्लास्टिक घासून भोक पाडतो. मग गॅस चरातून ड्रेनेजमध्ये शिरतो आणि वास भलत्याच घरात येतो.

परवानग्या महापालिका, सार्वजनिक बांधकाम खातं, राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे, एमआयडीसी आणि वाहतूक पोलीस अशा वेगवेगळ्या दारांतून येतात. रेल्वेची सर्वांत उशिरा येते, म्हणून तिचा अर्ज सर्वांत आधी. वेळापत्रक मागून पुढे मांडा: पावसाळ्यात रस्ता खोदाई थांबते, जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रा असते आणि नंदीध्वजांच्या मार्गावर उघडा चर चालणार नाही, गणपतीत पेठा भरलेल्या असतात, कोजागिरीला तुळजापूर रस्ता पायी जाणाऱ्यांनी फुलतो. हे सोडलं तर हातात उरतात नोव्हेंबर-डिसेंबर आणि फेब्रुवारी ते मे. खडकाळ तुकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका. मेच्या उन्हात माणसं आणि पाइप दोघांचेही हाल होतात.

रिंगच्या ६०० मीटरसाठी सामान

१८० मिमीचा पाइप १२ मीटरच्या सरळ नळ्यांत येतो: ५० नळ्या, वर तीन जादा. बट फ्यूजनचे (टोकं तापवून एकमेकांवर दाबलेले) ४९ सांधे. अर्धा मीटर रुंद, सुमारे १.३५ मीटर खोल चर, म्हणजे १४० ब्रासच्या आसपास खोदाई. वाळू किंवा मऊ मुरूम ४५ ब्रास. हा आकडा निविदेत नेहमी कमी धरलेला असतो, आणि मग वाळू संपली की डबर पाइपावर पडतं. इशारा पट्टी ६३० मीटर. दोन्ही टोकांना गॅस काढायच्या तोंडांसह १८० मिमीचा प्रत्येकी एक व्हॉल्व्ह, दोन १८० × १२५ रिड्यूसर (मोठा पाइप लहान पाइपाला जोडणारे), चालू लाइनीला जोडायची फिटिंग आणि सहा-आठ इलेक्ट्रोफ्यूजन कपलर (आतल्या तारेत वीज सोडून वितळवून चिकटवायची जोडणी). पाइप आयएस १४८८५ चा, बॅच नंबर वाचता येईल असा. नळ्या उन्हात ठेवू नका. उघड्यावर किती काळ ठेवता येतील ते उत्पादकाकडून लेखी घ्या आणि तोवरही ताडपत्रीखाली ठेवा.

सांधे

बट फ्यूजन एकाच एसडीआरच्या पाइपांत करायचं. जुनी लाइन एसडीआर १७.६ ची आणि नवी ११ ची असेल तर इलेक्ट्रोफ्यूजन. तापपट्टी २१० अंशांच्या आसपास, पण पट्टीवरचा आकडा न बघता वेगळ्या तापमापकाने चार जागी मोजा. सोलापूरच्या वाऱ्याला धूळ असते, आणि तापलेल्या टोकावर बसलेला एक कण सांध्याची ताकद घालवतो. तंबू लावल्याशिवाय सांधा करू नये, पाइपाचं लांबचं टोकही झाकून ठेवावं, नाहीतर नळीतून वारा वाहून पट्टी थंड होते.

इलेक्ट्रोफ्यूजनचे बिघडलेले सांधे बहुतेक एकाच कारणाने बिघडतात: खरवडलं नाही. पाइपाचा वरचा थर हवेने आणि उन्हाने बदललेला असतो. तो यांत्रिक स्क्रेपरने ०.२ ते ०.३ मिमी सलग काढावा लागतो. सँडपेपर चालत नाही. खरवडण्याआधी मार्करने पाइपभर रेघा मारा. खरवडल्यावर एकही रेघ दिसली तर तेवढा भाग राहिला आहे. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, हात लावू नका, क्लॅम्प लावा, बारकोड वाचा. थंड व्हायची मिनिटं फिटिंगवर छापलेली असतात. तेवढा वेळ क्लॅम्प सोडू नका. जनरेटर कमी पडून व्होल्टेज पडलं आणि मशीनने चूक दाखवली, तर तोच कपलर पुन्हा तापवायचा नाही, कापून टाकायचा.

उन्हाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. पीई पाइप दर अंशाला मीटरमागे सुमारे ०.१८ मिमी लांबतो. दुपारी ४५ अंशांत चराबाहेर जोडलेली १०० मीटर लाइन जमिनीत २५-२८ अंशांवर आली की ३० ते ४० सेंटिमीटर आखडते. दुपारी दोन्ही टोकं घट्ट जोडली तर ती ओढ सांध्यांवर येते. पाइप चरात किंचित नागमोडी टाका, मधला भाग भरून रात्रभर थंड होऊ द्या, आणि शेवटचा जोड पहाटे करा.

चाचणी

४ बारच्या लाइनला दीडपट, म्हणजे ६ बारची हवेची चाचणी, साधारण २४ तास. सगळे सांधे थंड झाल्यावर आणि भर घातल्यावर. लगेच मोजणी सुरू केली तर दाब उतरतो आणि सगळे गळती शोधत बसतात. दोन कारणं निरुपद्रवी आहेत: पीई पाइप दाबाखाली सुरुवातीला थोडा फुगतो, आणि हवा थंड होते. बंद लाइनीत तापमान १० अंशांनी घटलं की ७ बार निरपेक्ष दाबाचे सुमारे ०.२३ बार आपोआप कमी होतात. म्हणून आधी लाइन स्थिर होऊ द्या, मातीचं तापमान पाइपाशेजारी मोजा आणि दुरुस्त केलेला दाब नोंदवा. मापकाचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र जागेवर असावं. ०-२५ बारच्या मापकावर ०.१ बारची गळती दिसणार नाही. ०-१० चं वापरा.

दाब भरलेल्या लाइनीच्या टोपीसमोर कुणी उभं राहू नये. दाबलेल्या हवेत साठलेली ताकद पाण्याच्या चाचणीपेक्षा कितीतरी जास्त असते.

जोडणी आणि गॅस सोडणं

चालू लाइनीला जोडताना शक्य तिथे दाबाखालीच टॅपिंग सॅडलने (चालू पाइपावर बसवून त्याला भोक पाडणाऱ्या फिटिंगने) जोडा, म्हणजे कुणाचा गॅस जात नाही. स्क्वीझ टूलने पाइप चिमटायचा असेल तर सांध्यापासून निदान व्यासाच्या तिप्पट अंतरावर, आणि एकदा चिमटलेल्या जागी पुन्हा कधीच नाही. तिथे पट्टा बांधून खूण करा. पीईवर स्थिर विद्युत साचते. गॅस असलेल्या पाइपावर ओलं सुती कापड गुंडाळून त्याचं टोक ओल्या मातीत टेकवा. कोरड्या मार्च-एप्रिलमध्ये हे विसरून चालत नाही.

हवेवर सरळ गॅस सोडू नका. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असताना पेटतो, आणि हवा हटवताना ते मिश्रण लाइनीत तयार होतंच. आधी नायट्रोजन. ६०० मीटरच्या १८० मिमी लाइनीत सुमारे १० घनमीटर जागा आहे; दीड ते दोनपट नायट्रोजन म्हणजे ७ घनमीटरचे तीन सिलिंडर, हाताशी पाच ठेवा. मग गॅस, आणि टोकाला अडीच-तीन मीटर उंच, जमिनीशी जोडलेल्या लोखंडी नळीतून बाहेर. मापकावर ९० टक्क्यांच्या वर गॅस लागोपाठ तीनदा दिसल्यावरच तोंड बंद.

एखाद्या भागाचा गॅस बंद करावाच लागला, तर आदल्या दिवशी घरोघरी सांगा आणि बंद करताना प्रत्येक मीटरचा व्हॉल्व्ह हाताने बंद करा. दाब गेला की शेगडी विझते, पण नॉब उघडाच राहतो, आणि गॅस परत आला की तो स्वयंपाकघरात भरतो. कुलूपबंद घरांची यादी वेगळी ठेवा. ती सगळी उघडून तपासल्याशिवाय त्या रायझरला गॅस सोडायचा नाही, घरमालक पुण्याला गेलेला असला तरी.

नोंदी

बांधकामानंतरचा नकाशा चर उघडा असतानाच काढा: प्रत्येक सांधा, व्हॉल्व्ह आणि वळण दोन पक्क्या खुणांपासून मोजलेलं, खोलीसकट, जीपीएससकट. झाड किंवा पानटपरी ही खूण नव्हे. सांध्याच्या नोंदीत नंबर, जोडणाऱ्याचा परवाना, बॅच आणि वेळ.

मग टोकावर पुन्हा तेच दाबमापक, आठवडाभर. ३.४ बारचा अंदाज होता आणि ३.० दिसले, तर एखादा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा नाही किंवा गाळणीत नवा कीस आला आहे. पहिल्या महिन्यात डीआरएसची गाळणी दर आठवड्याला उघडावी. पहिल्या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरमध्ये, मार्ग पुन्हा चालून बघा: भर कुठे खचली, इशारा पट्टी कुठे उघडी पडली, रायझर कुठे वाकला. काळ्या मातीत ते पहिल्याच वर्षी दिसतं, आणि तेव्हा दुरुस्ती दोन मजुरांच्या एका दिवसाची असते.